अविभाज्य घर व मूल्यद्वारें वांटणी

जुन्या दप्तरांत सनद किंवा महजर हातीं आला म्हणजे संग्राहकांस हर्ष होतो; वांटणीपत्र मात्र ‘घरगुती कागद’ म्हणून बाजूस पडतें. आमच्या मतें ही चूक होय. सामाईक घराचा तंटा लोक कसा मिटवीत, हें अशा कागदांवांचून कळणार नाहीं.

प्रथम शास्त्र पाहूं. मनूनें वस्त्र, पात्र, अलंकार, उदक इत्यादि वस्तु अविभाज्य गणिल्या. बृहस्पतीस हें मान्य नाहीं. वस्त्रालंकार विकून पैसा वांटावा, असा त्याचा आशय आहे. चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं (इ. स. १०७६–११२६) कल्याणनगरींत, म्हणजे आजच्या बसवकल्याणांत, मिताक्षरा रचणाऱ्या विज्ञानेश्वरानें विहिरींचा विचार केला आहे. त्या हिश्शांप्रमाणें समसमान नसल्यास त्यांची ‘मूल्यद्वारें’ वांटणी न करितां पाळीनें उपभोग घ्यावा, असें तो म्हणतो. अर्थात् किंमत ठरवून हिस्सा फेडण्याची युक्ति त्यास ठाऊक होती. पाण्यापुरती ती त्यानें नाकारली.

घराचें काय? मोठ्या वाड्याचे खण मोजून देतां येतात. आड, दिंडी, बोळ सामाईक ठेवितां येतात. परंतु तीन खणांचें घर चौघां भावांत वांटल्यास प्रत्येकास भिंत मिळते, घर कोणासच मिळत नाहीं. विहीर पाळीनें वापरतां येते, चूल नाहीं.

ही अडचण सन १८९३ च्या विभागणी कायद्यानें ओळखली. घर नीट वांटतां येत नसून निम्मे वा अधिक हिश्शाचे धनी विक्री मागतील, तर त्यांचा हिस्सा न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस घेण्याची संधि कलम ३ इतर हिस्सेदारांस देतें. परक्यानें कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेऊन वांटणीचा दावा लाविल्यास कलम ४ प्रमाणें घरच्या हिस्सेदारास तो विकत घेतां येतो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याचें कलम २२ याच वाटेनें जाऊन पहिल्या वर्गांतील सहवारसांस अग्रहक्क देतें.

बृहस्पतीची युक्ति अशी घरास लागू झाली, आणि ती बरीच न्याय्य आहे. परंतु तिचें वर्म रोकडींत आहे. किंमत रास्त असली तरी ती मोजण्याची ऐपत ज्याची, घर त्याचें; दुसऱ्यानें पैसे घेऊन उंबरठा सोडावयाचा. जुन्या पंचांनीं हें ओझें हलकें केलें कीं नाहीं, याचें उत्तर वांटणीपत्रांत व फारखतींतच शोधावें लागेल. यास्तव संग्राहकांस विनंति कीं, असा कागद आढळल्यास खण, ठरलेली किंमत, ती ठरविणारे पंच व रक्कम फेडण्याची मुदत, एवढें तरी टिपून ठेवावें.