दूधसागर धबधबा
गोवा-कर्नाटक सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन घाटात असलेला चार टप्प्यांचा धबधबा. उंची सुमारे ३१० मी. परिसर भगवान महावीर अभयारण्यात मोडतो. पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळते. उभ्या कातळावर आपटून पाणी फुटते, त्यात हवा मिसळते आणि अख्खा कडा पांढराशुभ्र दिसतो. लोककथेला मात्र एवढ्या कारणावर समाधान नाही.

कथा अशी : घाटमाथ्यावर एका राजाचा महाल होता. राजकन्या सख्यांसह रानातल्या तळ्यात स्नान करी आणि नंतर सोन्याच्या झारीतून साखर घातलेले दूध पिई. एके दिवशी झाडांआडून एक राजपुत्र टक लावून पाहताना दिसला. वस्त्रे हाताशी नव्हती. तिने झारीतले दूध समोर ओतले आणि त्या धारेच्या पडद्याआड सख्यांनी तिला वस्त्रे नेसवली. तेच दूध अजून कड्यावरून वाहते, असे मानतात. 

पायथ्याशी जायचे तर कुळे गाठावे लागते. तिथून जीपगाड्या रानातून, ओढ्यांच्या पाण्यातून नेतात. शेवटचा टप्पा दगडगोट्यांवरून पायी. कुंडात उतरताना लाइफ जॅकेट सक्तीचे. माकडे निर्ढावलेली आहेत. हातातली वेफर्सची पुडी बघता बघता पळवतात. पावसाळ्यात ओढे फुगले की जीप बंद. म्हणजे कड्यावर दूध ओसंडते तेव्हा वाट नाही आणि मे महिन्यात वाट आहे, तर धार बारीक. ऑक्टोबर-नोव्हेंबर त्यातल्या त्यात बरा.

भर पावसातले दर्शन घडते ते रेल्वेतून. मुरगाव बंदरासाठी पोर्तुगीज काळात टाकलेला हा लोहमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. ब्रॉडगेज झाला १९९० च्या दशकात. कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटात चढ १:३७ इतका तीव्र, म्हणून गाडीला जादा इंजिने जोडतात. धबधब्यासमोरच्या पुलावरून गाडी जाताना तुषार थेट डब्यात येतात. पुणे, मिरज, बेळगावमार्गे वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस याच घाटाने उतरते. ‘चेन्नई एक्सप्रेस’ (२०१३) या चित्रपटात हा पूल झळकला. रुळांवरून चालत धबधबा गाठण्यास मनाई आहे. जुलै २०२३ मध्ये तसे करणाऱ्या पर्यटकांना पोलिसांनी तिथेच उठाबशा काढायला लावल्या.