दिवाणखान्याची फरशी

घरातील बैठकीच्या खोलीच्या जमिनीवर बसवायचे दगडी, सिमेंटचे, भाजलेल्या मातीचे, लाकडी किंवा कृत्रिम आवरण. या खोलीत घराबाहेरून येणारी धूळ सर्वांत आधी पडते, जड सामान सरकते, लहान मुले व वृद्ध अनवाणी वावरतात आणि सणासमारंभाला पंगतही बसते. त्यामुळे स्नानगृह किंवा स्वयंपाकघरापेक्षा येथील फरशीकडून अपेक्षा वेगळ्या असतात. एकदा बसवलेली फरशी बदलणे खर्चाचे व त्रासाचे असल्याने निवड करताना जमिनीचा आधार, ओल, वापर आणि निगा यांचा विचार आधी व रंग-नक्षीचा नंतर करावा लागतो.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात दीर्घकाळ मुरूम व माती चोपून केलेली आणि शेणाने सारवलेली जमीन रूढ होती. ती पायाला उबदार असे, मात्र वरचेवर सारवावी लागे. वाड्यांतून दगडी लाद्या व चुन्याचा कोबा दिसे. सिमेंट सुलभ झाल्यावर कोकण व गोव्यात तांबडा रंग मिसळलेली, घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची जमीन लोकप्रिय झाली. विसाव्या शतकात सिमेंटच्या नक्षीदार टाइल देशातच तयार होऊ लागल्या. मुंबईची ‘भारत फ्लोअरिंग्ज’ ही संस्था 1922 पासून या व्यवसायात आहे. पुढे मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये संगमरवरी खडे घातलेल्या मोझॅक टाइलचा प्रसार झाला. त्यांची जागा आधी सिरॅमिक व नंतर व्हिट्रिफाइड टाइलने घेतली.

निवडीचे निकष : पहिला निकष म्हणजे फरशीखाली काय आहे. तळमजल्यावरील खोली भरावावर असते. विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा ठिकाणी जोत्यात काळी माती ठेवून वर कितीही महाग टाइल बसवली, तरी ती खचते किंवा तडकते. त्यासाठी काळी माती काढून मुरमाचा भराव थराथराने पाणी मारून दाबतात, त्यावर दगडी सोलिंग व काँक्रीट करतात आणि मगच फरशी घेतात.

दुसरा निकष ओल. कोकणात व नदीकाठच्या घरांत जमिनीतून ओल वर चढते. ती तपासण्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करतात व एक-दोन दिवस तसाच ठेवतात. आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल खालून येते आहे हे नक्की, आणि तेथे लाकडाचा विचार सोडून द्यावा.

तिसरा निकष वजन व उंचीचा. 25 मिमी जाडीची दगडी लादी आणि तिच्याखालचा 50 मिमी सिमेंट-वाळूचा थर यांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 165 किलो भरते. घरगुती खोल्यांचा स्लॅब माणसे व सामान यांच्यासाठी साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर भार धरून आखतात, हे लक्षात घेतले तर जुन्या फरशीवर दगडाचा दुसरा थर चढवणे का टाळावे ते समजते. 10 मिमी व्हिट्रिफाइड टाइल चिकटद्रव्यासह 30 किलोच्या आत राहते. मात्र तीही जुन्या फरशीवर बसवली की जमीन 12 ते 15 मिमी वर येते व दरवाजे खालून तासावे लागतात.

चौथा निकष घर्षण व निसरडेपणा. चपलांबरोबर आत येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. मोज़ या कठिनता-श्रेणीत क्वार्ट्झ 7 वर, तर संगमरवर व चुनखडकातील कॅल्साइट 3 वर येते. म्हणूनच दारापासून सोफ्यापर्यंतच्या वाटेवर संगमरवराची झिलई सर्वांत आधी मरते. ग्रॅनाइट क्वार्ट्झ व फेल्डस्पार यांचा बनलेला असल्याने तेथे टिकतो. आरशासारखी चकाकणारी टाइल ओल्या पायांना घसरडी ठरते. वृद्ध असलेल्या घरात व बाल्कनीला लागून असलेल्या हॉलमध्ये मॅट किंवा साटिन पृष्ठभाग अधिक सुरक्षित असतो.

नैसर्गिक दगड : शहाबादी फरशी हा कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसराचा करडा-निळसर चुनखडक आहे. शहाबाद मुंबई–चेन्नई लोहमार्गावर असल्यामुळे महाराष्ट्रात तो सहज पोचला. ही फरशी स्वस्त, थंड व दणकट असून घासून पॉलिश करता येते. राजस्थानातील कोटा हा त्याच जातीचा, हिरवट-निळ्या किंवा तपकिरी छटेचा दगड. तो जास्त घट्ट असून पॉलिश अधिक चांगले धरतो. आंध्रातील काळा कडप्पा मुख्यतः ओट्यासाठी व कपाटांच्या फळ्यांसाठी वापरतात. दिवाणखान्यात त्याची पट्टी किनारीला शोभते. हे तिन्ही चुनखडक असल्याने लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड पडले की चुना विरघळतो व पांढुरका डाग राहतो.

संगमरवराची भारतातील प्रसिद्ध खाण राजस्थानातील मकराना येथे आहे. ताजमहालाचा संगमरवर तेथलाच. गुजरातेतील अंबाजीचा पांढरा दगडही बाजारात मिळतो. संगमरवर सच्छिद्र असल्याने हळद, कुंकू व तेलाचे डाग धरतो. हळदीकुंकवाला सांडलेले कुंकू ओल्या फडक्याने पुसल्यास रंग आत मुरतो. ते आधी कोरडेच झाडून घ्यावे लागते. डाग व झीज मान्य असतील आणि काही वर्षांनी पुन्हा पॉलिश करण्याची तयारी असेल, त्यांनीच तो घ्यावा. ग्रॅनाइट कठीण व कमी शोषक असतो, पण गडद ग्रॅनाइटवर धूळ व पावलांचे ठसे लगेच दिसतात.

सिमेंटच्या टाइल : मोझॅक टाइलचा वरचा थर सिमेंट व संगमरवरी खड्यांचा, तर खालचा साध्या सिमेंट-वाळूचा असतो. बसवल्यानंतर ती यंत्राने टप्प्याटप्प्याने घासून ऑक्झॅलिक ॲसिडने पॉलिश करतात. खडे वरच्या थरात खोलवर असल्याने पन्नास वर्षांच्या मोझॅक फरशीलाही पुन्हा घासून झळाळी आणता येते. जुन्या सदनिकेत अशी फरशी खचली किंवा तडकली नसेल, तर ती उखडण्याआधी पॉलिश करून पाहणे किफायतशीर ठरते.

भाजलेल्या मातीच्या टाइल : साध्या सिरॅमिक टाइलवर फक्त वरचा काचेरी थर असतो. तो झिजला किंवा टवका उडाला की खालची माती उघडी पडते. व्हिट्रिफाइड टाइल उच्च तापमानाला काचेसारखी घट्ट होते व ती वजनाच्या 0.5 टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. भारतातील टाइल-उत्पादनाचे मुख्य केंद्र गुजरातेतील मोरबी आहे. ‘डबल चार्ज’ प्रकारात रंगीत थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून तो वर्दळीत जास्त टिकतो. ‘ग्लेझ्ड’ प्रकारात डिजिटल छपाईने लाकूड, संगमरवर अशी नक्षी मिळते, पण ती वरच्या पातळ थरातच असते. दुकानातल्या दुकानात करता येणारी परीक्षा सोपी आहे : टाइल पालथी करून तिच्या पाठीवर थोडे पाणी ओतावे. सिरॅमिकची पाठ ते पटकन पिते, व्हिट्रिफाइडवर ते साचून राहते.

लाकडी व कृत्रिम फरश्या : सागवानी पट्ट्यांची जमीन पायाला उबदार व दिसायला भारदस्त असते, मात्र वाळवी, ओल व किंमत या तीन अडचणी आहेत. लॅमिनेट फरशीचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. पावसाळ्यात खिडकीतून आलेले पाणी सांध्यात मुरले की तो फुगतो व पुन्हा बसत नाही. लॅमिनेटची झीज-सहनशीलता ‘एसी’ श्रेणीत छापलेली असते. दिवाणखान्यासाठी एसी-3 किंवा त्यावरची श्रेणी घेतात. भिंतीलगत 8 ते 10 मिमी फट सोडावी लागते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दगडी भुकटी व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाची एसपीसी पट्टी पाण्याने फुगत नाही व सपाट जुन्या फरशीवर थेट बसते. भाड्याच्या घरात किंवा तोडफोड नको असलेल्या ठिकाणी ती सोयीची असते. लाकडासारखा देखावा हवा, पण घर दमट हवेत आहे, अशांसाठी लाकडी नक्षीची व्हिट्रिफाइड टाइल हा जास्त भरवशाचा मार्ग आहे.

बसवणी : व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणीच शोषत नसल्याने नुसता सिमेंटचा घोळ तिला धरून ठेवत नाही, मोठ्या मापाच्या टाइलला टाइल-ॲडेसिव्हच लागते. गवंडी आधी गुण्या लावून काटकोन व पाणसळीने पातळी पाहतो, दोरी ताणतो आणि शक्यतो दरवाजात अखंड टाइल येईल अशी आखणी करतो. कापलेले तुकडे सोफ्यामागे किंवा कपाटाखाली जातात. टाइल एकमेकींना भिडवून बसवल्यास उन्हाळ्यात प्रसरण पावून त्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. म्हणून 2 ते 3 मिमी सांधा सोडून दर्जा भरतात. काम आटोपल्यावर प्रत्येक टाइलच्या कोपऱ्यांवर नाण्याने हलके ठोकून पाहावे. पोकळ, बद्द आवाज आला तर ती टाइल दर्जा भरण्यापूर्वीच काढून पुन्हा बसवून घ्यावी.

मोजणी : 15 फूट × 12 फूट हॉलचे क्षेत्रफळ 180 चौरस फूट. त्याचा घेर 54 फूट; दारांचे 6 फूट वजा जाता उरलेल्या 48 फुटांवर 4 इंच उंचीच्या स्कर्टिंगला 16 चौरस फूट लागतात. एकूण 196 वर तूटफूट व कापकामासाठी 10 टक्के धरल्यास सुमारे 216 चौरस फूट होतात. 600 × 600 मिमी मापाच्या चार टाइलच्या खोक्यात सुमारे 15.5 चौरस फूट बसतात, म्हणजे 14 खोकी. तिरप्या मांडणीत तुकडे जास्त पडतात, तेव्हा प्रमाण आणखी वाढवावे लागते.

निगा : रोजचे केर काढणे हीच सर्वांत महत्त्वाची निगा, कारण झीज होते ती वाळूच्या कणांनी. दारात पायपुसणे आणि खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावल्याने ओरखडे कमी पडतात. चुनखडक व संगमरवर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावेत. ॲसिड कोणत्याही दगडी फरशीवर वापरू नये. लॅमिनेट व लाकूड पिळून काढलेल्या फडक्यानेच पुसावे.

सारांश : तळमजल्यावरच्या, सतत ओल्या पायांची ये-जा असलेल्या घराला न चकाकणारी शहाबादी किंवा कोटा, सदनिकेला मॅट व्हिट्रिफाइड, आणि कोरड्या हवेतल्या कमी वर्दळीच्या खोलीला लाकूड, अशी ढोबळ विभागणी महाराष्ट्राच्या हवामानाला मानवते. टाइलच्या खोक्यावर छटा व उत्पादन-तुकडीचा क्रमांक छापलेला असतो. सर्व खोकी एकाच क्रमांकाची घ्यावीत आणि एक खोके शिल्लक ठेवावे. पुढे तीच छटा बाजारात सहसा मिळत नाही.