राजाची बाग आणि बुटकी नासपती

काही वर्षांपूर्वी हिमालयाच्या उतारावरील एका गावी माझी बदली झाली. सरकारी बंगल्याच्या परसात नासपतीचा एक उंच वृक्ष उभा होता. तो कोणी लावला, हे कोणालाच सांगता येईना. म्हातारा माळी हसून म्हणाला, "लावला असेल कोणा साहेबाने, पण फळे खाल्ली असतील ती त्याच्यामागून आलेल्या तिसऱ्या-चौथ्या साहेबाने!" पहाडात कैंथ नावाची रानटी नासपती खुंट म्हणून वापरतात. अशा जोमदार खुंटावरचे झाड भरात यायला आठ-दहा वर्षे सहज जातात. नासपती लावावी ती वारसांसाठी, अशा अर्थाची एक म्हण इंग्लंडातही आहे. मग दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाने झाड लावावेच कशाला? या प्रश्नाने मला बागाईतीच्या इतिहासाकडे वळवले.

आपल्याकडे हे फळ परदेशांतून आले, अशी जुनी समजूत आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्यू-एन-त्संग याने लिहून ठेवले आहे की, कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून राहिलेल्या चिनी राजपुत्रामुळे नासपती आणि पीच ही फळे या देशात आली. म्हणून लोक नासपतीला 'चीनराजपुत्र' म्हणत. ओलीस राहिलेला माणूसही जेथे राहतो तेथे झाड लावतो, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते.

परंतु झाडाला बुटके करून माणसाच्या आयुष्यमानात बसवण्याची विद्या नावारूपाला आली ती फ्रान्समध्ये. चौदाव्या लुईच्या फळबागांचा अधिकारी झाँ-बातिस्त द ला कँतिनी हा मुळात वकील. एका श्रीमंत घरच्या मुलाचा शिक्षक म्हणून तो इटलीला गेला आणि तेथील बागा पाहून कायद्याला कायमचा अंतरला. व्हर्सायच्या राजवाड्यालगत राजासाठी फळांची व भाज्यांची बाग उठवण्याचे काम १६७८ साली सुरू झाले. जागा मिळाली ती दलदलीची, दुर्गंधी सुटलेल्या तळ्याची. जवळच एक मोठा तलाव खणला जात होता; त्याच्या मातीने ही दलदल बुजवण्यात आली. १६८३ पर्यंत सुमारे नऊ हेक्टरांची, उंच भिंतींनी विभागलेली बाग उभी राहिली. ती आजही तेथे आहे.

या भिंती शोभेच्या नव्हत्या. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब सोडते आणि तिला खेटून पसरवलेल्या फांद्यांवरची फळे लवकर पिकतात. पण भिंतीवर मांडायचे झाड आटोपशीर हवे. त्यासाठी नासपतीचे कलम बिहीच्या खुंटावर बांधत. बिही म्हणजे तेच झाड, ज्याच्या बिया आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात 'बिहीदाणा' म्हणून मिळतात. नासपती आणि बिही एकाच कुळातली असल्याने त्यांचा सांधा जुळतो. मात्र बिहीची मुळे वरच्या झाडाला हवा तेवढा जोर पुरवत नाहीत. झाड लहान राहते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फळ धरू लागते.

अर्थात, या लवकर मिळणाऱ्या फळाची किंमत मोजावी लागते. बिहीची मुळे उथळ असतात. म्हणून झाडाला खुंटीचा, तारेचा किंवा भिंतीचा आधार लागतो. कोरडी, चुनखडीची जमीन तिला मानवत नाही; पाने पिवळी पडतात. सांधा मातीखाली गेला, तर वरच्या नासपतीला स्वतःची मुळे फुटतात आणि झाड पुन्हा बेफाम वाढते. विल्यम्ससारख्या काही जातींचे बिहीशी पटत नाही. तेव्हा दोहोंशी जुळणाऱ्या तिसऱ्या जातीचा तुकडा मध्यस्थ म्हणून घालावा लागतो. कलमावाचून हापूस नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण खुंट निवडून झाडाचा आकारही ठरवता येतो, हे मात्र मला नवे होते.

बाग पुरी झाल्यावर ला कँतिनीला उणीपुरी पाच वर्षे लाभली. १६८८ साली तो वारला. त्याचा ग्रंथ १६९० मध्ये निघाला आणि १६९३ मध्ये जॉन एव्हलिनने तो इंग्रजीत आणला. बियांच्या खुंटांवर त्याने भिस्त ठेवली असती, तर आपल्या बागेची कितीशी फळे त्याने पाहिली असती? पुढे, १९१३ साली इंग्लंडात ईस्ट मॉलिंग येथे संशोधन केंद्र निघाले. तेथे हॅटन यांनी रोपवाट्यांत एकमेकांत मिसळून गेलेले बिहीचे खुंट तपासून वेगळे केले आणि त्यांना अक्षरांची नावे दिली. राजाच्या माळ्याचे कसब तेव्हापासून साध्या घराच्या परसातही खात्रीने उतरू लागले.

मीही बिहीच्या खुंटावरचे एक कलम मिळवले आणि स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडील भिंतीशी लावले. माळी पहिल्यांदा नाराज होता. एवढ्याशा झाडाला सावली ती कसली, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या वसंतात झाड पांढऱ्या फुलांनी भरले. पाठोपाठ बदलीचा हुकूम आला. निघताना मी माळ्याला एवढेच सांगितले, की सांध्यावर माती चढू देऊ नकोस.

भाद्रपदात माझ्या जागी आलेल्या गृहस्थांचे पत्र आले. अकरा फळे उतरली होती. त्यांतली दोन माळ्याने मागून नेली होती. वारसांसाठी लावायचे झाड शेवटी मीही दुसऱ्यासाठीच लावले होते. मात्र या खेपेस ते खाणाऱ्याला, कोणी लावले, हे ठाऊक होते.