लाकडी प्लेट-कॅमेऱ्याचे पुनरुज्जीवन : नाशिकच्या संदर्भात एक विचार

नाणी, ताम्रपट, दप्तरे ही इतिहासाची साधने म्हणून आपण जपतो. ज्या यंत्राने एकोणिसाव्या शतकातील माणसे आणि वास्तू टिपल्या, ते लाकडी यंत्र मात्र माळ्यावर पडून राहते, किंवा चकचकीत वॉर्निश लावून उपाहारगृहात शोभेची वस्तू म्हणून उभे केले जाते. यातील दुसरा प्रकार अधिक हानिकारक म्हणावा लागेल.

नाशिकपुरता या प्रश्नाला एक विशेष संदर्भ आहे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा विचार आपण बहुधा १९१२ साली लंडनमध्ये घेतलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यापासून सुरू करतो. तथापि त्यापूर्वीची त्यांची बरीच वर्षे स्थिरचित्रण आणि मुद्रण यांत गेली होती. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. १८९५ च्या सुमारास गोध्रा येथे स्टुडिओ काढला. प्लेगने पत्नी व अपत्य हिरावल्यावर ते पुन्हा बडोद्यास आले. परंतु कॅमेरा अंगातील शक्ती ओढून घेतो, या समजुतीमुळे तेथील व्यवसाय बसला, असे चरित्रकार नोंदवितात. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक झाले. लोकांना शक्ती शोषणारा वाटलेला तो कॅमेरा समजून घेतल्याखेरीज फाळक्यांची तांत्रिक घडण समजणार नाही.

या कॅमेऱ्याची रचना साधी असते. पुढे भिंगाची चौकट, मध्ये घड्यांचा भाता, मागे घासलेली काच. आणि काळ्या कापडाखाली डोके घालून त्या काचेवर पाहिलेली उलटी प्रतिमा. फुल प्लेटचे माप साडेसहा गुणिले साडेआठ इंच. उष्ण व दमट हवेत सांधे सुटतात म्हणून इंग्रज उत्पादक वसाहतींसाठी सागवानी, पितळी पट्ट्यांनी आवळलेले कॅमेरे बनवीत. पुढे केरळातील अलेप्पी येथे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ हा सागवानी कॅमेरा घडविला. त्यांच्या घरी वाद्यदुरुस्तीचा व्यवसाय होता आणि प्रारंभ झाला तो एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा फाटका भाता दुरुस्त करण्यातून. पेटीचा भाता आणि कॅमेऱ्याचा भाता यांतील हे नाते आपल्याकडील कारागिरांनाही अपरिचित नाही.

दुरुस्तीत पहिला नियम संयमाचा आहे. लाकूड तासू नये, पॉलिशपेपरने घासू नये; बोटांच्या स्पर्शाने काळवंडलेले कोपरे हाही पुरावाच असतो. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. ओलसर उष्णतेने सरस मऊ होतो व सांधा न मोडता सुटतो, म्हणून पुन्हा सरसच वापरावा. आजचा पांढरा गोंद एकदा बसला की पुढच्या दुरुस्तीत लाकूड फुटते. वरचा लेप लागलाच तर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचा असावा. नाशिकची तांबटगिरी प्रसिद्धच आहे. मोडलेली पितळी बिजागरी घडवून देणारा हात या शहरात मिळणे कठीण नसावे. मात्र नव्या भागावर वर्ष कोरावे, म्हणजे पुढील अभ्यासकाची फसगत होणार नाही.

भात्याची परीक्षा अंधाऱ्या खोलीत होते. आत लहान दिवा ठेवला की घड्यांच्या कोपऱ्यांतील छिद्रे ठिणग्यांसारखी दिसतात. मोजकी छिद्रे काळ्या पातळ कापडाने बुजविता येतात. चामडेच कुजले असेल तर भाता नवा करावा, पण जुना फेकू नये. त्याचे अस्तर, आतील पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि घड्यांची मापे यांवरूनच नवा भाता बेतावयाचा असतो.

सर्वांत जास्त चूक होते ती घासलेल्या काचेत. फुटलेली काच बदलताना तिची खरबरीत बाजू भिंगाकडे यावी लागते, आणि प्लेट-होल्डरमधील प्लेटचा लेपयुक्त पृष्ठभाग ज्या अंतरावर येतो, नेमक्या त्याच अंतरावर ती बसावी लागते. एक मिलिमीटरचा फरकही प्रतिमा पुसट करण्यास पुरेसा होतो. म्हणून जुनी चौकट खिळखिळी असली तरी तिची खाच मोजून लिहून घेतल्याशिवाय सुताराच्या हाती देऊ नये.