मँचेस्टरचे ‘स्मिथ्स’ : स्वतंत्र बाण्याच्या गाण्याची कथा

मँचेस्टर हे नाव आपल्या शेतकऱ्याला परकं नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि आपल्याकडच्या गाठी मुंबई बंदरातून लिव्हरपूलला व तिथून मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांना मोठ्या प्रमाणावर जाऊ लागल्या. याच मँचेस्टरशेजारच्या रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस विणकर-कारागिरांनी मिळून एक दुकान काढलं. सहकारी चळवळीचा इतिहास शिकताना तुम्ही त्या दुकानाचं नाव ऐकलंच असेल. आज त्याच मुलुखातली एक वेगळी हकीगत सांगायची आहे. ती आहे चार तरुणांच्या गाण्याची. पण तिच्यात रेडिओ आहे, सहकार आहे, आणि भागीदारीचा एक धडाही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला होता. अशा दिवसांत शहरातल्या पोरांच्या हाती काम नव्हतं. वेळ मात्र भरपूर होता. कुणी गिटार धरली, कुणी ढोल. पण गाणं बसवलं तरी त्याची तबकडी काढणार कोण? लंडनमधल्या बड्या कंपन्यांचे दरवाजे सहसा उघडत नसत.

या अडचणीतून एक वाट आधीच निघाली होती. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्याच ‘बझकॉक्स’ नावाच्या वाद्यवृंदाने सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःच्या नावावर तबकडी काढली. पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या. त्या हातोहात गेल्या. कंपनीवाचूनही तबकडी निघू शकते, हे लोकांना कळलं. मग गावोगावचे छोटे दुकानदार पुढे आले. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ साली ‘रफ ट्रेड’ नावाचं दुकान घातलं होतं. १९७८ पासून तेच तबकड्याही काढू लागलं. काही वर्षं त्याचा कारभार सहकारी पद्धतीने चाले आणि लहानथोर सगळ्यांना सारखा पगार असे. पुढे लिव्हरपूल, ब्रिस्टल, यॉर्क, एडिंबरो अशा शहरांतल्या अशाच मंडळींनी एकत्र येऊन वाटपाचं जाळं विणलं. एका गावात निघालेला माल दुसऱ्या गावच्या दुकानात पोचू लागला. बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र, म्हणजे ‘इंडिपेंडंट’, असं हे संगीत. त्याचंच लोकांनी लाडकं रूप केलं ‘इंडी’. तेव्हा ‘इंडी’ हे मुळात रागाचं किंवा चालीचं नाव नव्हे. माल कुणी काढला आणि कुणी विकला, हे सांगणारा तो शब्द आहे.

आता आपल्या चौघांकडे वळू. १९८२ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा जॉनी मार मँचेस्टरलगतच्या स्ट्रेटफर्डमध्ये एका घरी गेला आणि त्याने दार ठोठावलं. आत राहत होता तेवीस वर्षांचा स्टीव्हन मॉरिसी : पुस्तकवेडा, अबोल, आणि पदरी नोकरी नसलेला. मार चाली बांधणार, मॉरिसी शब्द लिहिणार आणि गाणार, असं ठरलं. मग माईक जॉइस हा ढोलवादक आणि अँडी रूर्क हा बेस गिटारवाला येऊन मिळाले. चौघांच्याही घराण्यांची मुळं आयर्लंडातली. पोट भरायला मँचेस्टरला आलेल्या माणसांची ही मुलं.

वाद्यवृंदाला नाव दिलं ‘द स्मिथ्स’. स्मिथ म्हणजे मुळात लोहार. इंग्लंडात हे आडनाव पैशाला पासरी. त्या काळी इतर वाद्यवृंद लांबलचक, भपकेदार नावं घेत होते. यांनी मुद्दाम सगळ्यांत साधं नाव उचललं. गाण्यातही तेच. यंत्रांच्या सुरांचा तो जमाना होता. यांनी साधी गिटार पुढे आणली आणि गाण्यात आणलं रोजचं जगणं : भाड्याची खोली, पाऊस, एकटेपणा, शाळेतला मार.

एका बड्या कंपनीने त्यांची गाणी ऐकली आणि नकार दिला. तेव्हा त्यांचा कारभार पाहणाऱ्या एका कापड दुकानदाराने पदरचे पैसे घातले, आणि १९८३ च्या फेब्रुवारीत जवळच्या स्टॉकपोर्टमध्ये एक गाणं मुद्रित झालं. मारने ती फीत घेऊन लंडन गाठलं आणि ‘रफ ट्रेड’च्या ट्रॅव्हिससाहेबांच्या हाती दिली. त्यांना ती आवडली. मे महिन्यात तबकडी निघाली. खप मात्र बेताचाच होता.

इथे रेडिओने हात दिला. बीबीसीवर जॉन पील नावाचे निवेदक रात्रीच्या वेळी नव्या, अनोळखी गायकांना जागा देत. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वादकांच्या संघटनेचा रोजगार बुडू नये म्हणून रेडिओवर तयार तबकड्या किती तास वाजवायच्या, यावर तिकडे १९८८ पर्यंत मर्यादा होती. उरलेला वेळ भरायला वादकांना केंद्रावर बोलावून खास मुद्रण करावं लागे. बंधन जुन्या वादकांसाठी घातलेलं. त्याचा लाभ नव्या पोरांना झाला! पील यांचे निर्माते जॉन वॉल्टर्स यांनी लंडन विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात ‘स्मिथ्स’ना ऐकलं आणि लगोलग बोलावलं. १८ मे १९८३ रोजी पहिलं मुद्रण झालं. खेड्यापाड्यांतली मुलं रात्री रेडिओला कान लावून बसत आणि गाणी फितीवर उतरवून घेत. रेडिओवरच्या या मुद्रणांना इतकी मागणी आली की १९८४ च्या नोव्हेंबरात ती एकत्र करून वेगळा संग्रह काढावा लागला.

पुढची चढण भराभर झाली. १९८४ च्या फेब्रुवारीत पहिला संग्रह निघाला आणि देशाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. १९८५ मध्ये ‘मीट इज मर्डर’ हा संग्रह पहिल्या क्रमांकावर पोचला. मांसाहाराला विरोध हे त्याचं नाव आणि तोच त्यातल्या एका गाण्याचा विषय. छोट्या दुकानातून निघालेल्या मालाने बड्या कंपन्यांना मागे टाकलं होतं.

पण मंडळी, यशाबरोबर हिशेब येतो. ‘रफ ट्रेड’शी वाद होऊन १९८६ चा संग्रह कित्येक महिने कोर्टाच्या मनाईत अडकून पडला. वाद्यवृंदाला कायमचा व्यवस्थापक असा टिकलाच नाही. बराच भार मारच्या अंगावर पडला. १९८७ साली तो थकून बाहेर पडला आणि पाच वर्षांचा हा संसार मोडला.

खरा धडा पुढे आहे. गाणी रचण्याचं मानधन मॉरिसी आणि मार यांचं, यावर तक्रार नव्हती. पण वाजवण्याच्या आणि मुद्रणाच्या मिळकतीतून जॉइस व रूर्क यांना दहा-दहा टक्के मिळत, आणि तसं ठरल्याचा लेखी करार कुठेच नव्हता. पैशाच्या निकडीत असलेल्या रूर्कने थोडक्यात तडजोड केली. जॉइस मात्र कोर्टात गेला. इंग्लंडच्या १८९० च्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर भागीदारांचा वाटा सारखा धरतात. १९९६ साली निकाल जॉइसच्या बाजूने लागला : चौथा हिस्सा. मॉरिसीने केलेलं अपीलही १९९८ मध्ये फेटाळलं गेलं. आपल्याकडच्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही हेच तत्त्व आहे. विहीर सामाईक असो, मळणीयंत्र असो की भजनी मंडळाची पेटी. सलोखा असतानाच दोन ओळी कागदावर लिहून ठेवाव्यात, हे शहाणपण मँचेस्टरला जेवढं लागू तेवढंच आपल्या गावाला.

पुढे ‘रफ ट्रेड’ची वाटपसंस्थाही १९९१ साली बुडाली. उधारीवर गेलेल्या मालाचे पैसे वेळेवर आले नाहीत, पसारा मात्र वाढत गेला. सहकारी सोसायटी चालवणाऱ्यांना हे दुखणं नव्याने सांगायला नको.

तरीही जे रुजलं ते टिकलं. ‘स्मिथ्स’नंतर ब्रिटनमध्ये गिटार घेऊन उभ्या राहिलेल्या कितीतरी वाद्यवृंदांनी त्यांना आपले वडीलधारे मानलं. गुरुजी मंडळींनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत. बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावात चार पोरं, एक छोटं दुकान आणि रात्रीचा रेडिओ एकत्र आले, की तिथेही इतिहास घडतो.