धावेपासून यू-बोल्टपर्यंत

जुन्या पिकअपचा मागचा पाटा (कमान) तुटला की दोष दोन गोष्टींवर जातो: एक रस्ता, दुसरे संत्र्याचे ओझे. पाटा तुटलेला असतो बहुधा नेमका मध्यावर, सेंटर बोल्टच्या भोकातून. एक्सलवर तो जिथे यू-बोल्टांनी जखडलेला असतो, तीच ही जागा. ओझ्याने वाकून मोडणारी पट्टी जखडलेल्या भागाच्या कडेशी किंवा टोकाच्या डोळ्याजवळ मोडायला हवी. बरोबर मधोमध मोडली तर जखडणच सुटले होते, असे समजावे. मग नवा पाटा बसतो, पान्याच्या दांड्यावर पाइप चढतो, अंगातला सगळा जोर लावून नट आवळले जातात आणि पुढच्या हंगामात तेच पुन्हा घडते. मला वाटते, याचे मूळ कुणाच्या हलगर्जीपणात शोधणे अन्यायाचे आहे. ‘जितके घट्ट तितके पक्के’ हे तत्त्व पांढुर्णा-सौंसरच्या मुलखाने बैलबंडीपासून शिकले आणि बंडीसाठी ते अगदी खरे होते. बोल्टसाठी ते खरे नाही.

तिगाव हे या प्रश्नासाठी नेमके ठिकाण आहे, कारण ते घाटाच्या पायथ्याशी आहे. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर पांढुर्ण्याच्या पुढचे हे स्थानक. इथून चिचोंड्याकडे गाडी सातपुड्याचा चढ चढते आणि मुलताईच्या पठारावर पोहोचते. रेल्वेच्या कागदपत्रांतही तिगाव-चिचोंडा हा घाटविभाग म्हणूनच येतो. घाटाखालचा सपाट मुलूख ही जुनी सौंसर तहसील. इंग्रजी अमदानीत पांढुर्णा तिच्यातच होते. कापसाची काळी जमीन, बोली मराठी आणि व्यवहाराचे तोंड नागपूरकडे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, पण मालाची वाट बदलली नाही. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तेव्हाही संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार त्याच दिशांना जात होता: खाली नागपूरकडे, वर मुलताई-बैतूलमार्गे उत्तरेकडे. सौंसरवरून 1913 मध्ये छिंदवाड्याची 2 फूट 6 इंच रुंदीची छोटी रेल्वे सुरू झाली आणि पुढे मोठी लाइनही आली, तरी शेतापासून स्थानकापर्यंतचे ओझे बंडीचेच होते.

त्या बंडीला ना कमान होती ना बोल्टचा भरवसा. तिचा सगळा घट्टपणा धावेत, म्हणजे चाकावरच्या लोखंडी कड्यात होता. लोहार लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचा, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचा, फुललेले कडे चाकाच्या घेराच्या लाकडी पुठ्ठ्यांवर चढवायचा आणि लगेच पाणी ओतायचा. लोखंड आकसताना पुठ्ठे एकमेकांत आणि आरे मधल्या तुंब्यात दाबले जात. इथे जास्त आवळल्याने बिघडणारे फारसे काही नव्हते, कारण लाकूड दबून जागा करून देई. उलट उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडे आणि चाके पाण्यात भिजत ठेवावी लागत. म्हणजे या कारागिराच्या अनुभवात एकच शत्रू होता, ढिलेपणा. अतिघट्टपणाने मोडलेले चाक त्याने क्वचितच पाहिले असेल. टांग्याला कमानी होत्या हे खरे. कमानीची गाडी 1804 च्या ओबादाया इलियटच्या इंग्लंडमधल्या पेटंटपासून जगभर पसरली होती. पण टांग्यावर चार माणसांचे वजन असे, आणि उतारावर ते रोखायला घोडा होता.

उतारावर रोखणारे जनावर की ब्रेक, हाच फरक माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि 1954 मध्ये टाटांचा डाइम्लर-बेन्झशी करार झाला. त्यानंतरच्या दशकांत जीप, ट्रक आणि पुढे पिकअप गावोगाव पोहोचले. त्यांच्या चाकांना थांबवायला ब्रेक होता. मुलताईकडून पांढुर्ण्याकडे उतरताना ब्रेक दाबला की चाकाबरोबर एक्सलही गरकन फिरू पाहतो. त्याला रोखतो तो पाटा, आणि एक्सल व पाटा यांना एकजीव ठेवतात ते फक्त यू-बोल्ट. सेंटर बोल्ट हा भार पेलण्यासाठी नसतोच. तो पट्ट्या एकत्र ठेवतो आणि एक्सलची जागा दाखवतो. यू-बोल्टची पकड सैल झाली की सगळा मार त्या बारक्या बोल्टवर येतो, तो कातरला जातो, किंवा भोकामुळे मुळातच कमकुवत असलेली पट्टी तिथे वाकू लागते आणि मोडते. तेव्हा पाटा मोडला हे निदान अपुरे आहे.

मग पाइप लावून आवळलेला बोल्ट सैल का पडतो? कारण बोल्ट ही स्वतःच एक ताठ कमान आहे. नट फिरवला की तो ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परतण्याच्या त्याच्या ओढीतून पकड मिळते. मर्यादेपलीकडे ताणला की तो कायमचा लांबतो. 8.8 दर्जाच्या बोल्टला ही मर्यादा त्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण 80 टक्क्यांवर येते. लांबलेला बोल्ट हाताला घट्टच लागतो, पण त्याच्या परतण्याच्या ओढीचा भरवसा उरत नाही. धाव जरा जास्त आकसली तरी लाकूड सांभाळून घेई; बोल्ट मात्र एका ठरावीक ताणापर्यंतच कामाचा. शिवाय पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे 90 टक्के घर्षणात जातो, जेमतेम दहावा हिस्सा ताणात उतरतो. म्हणून गंजलेल्या आट्यांवरचा जोर हाताला फसवतो. तेल लावलेल्या आट्यांवर तोच जोर बोल्टला गरजेपेक्षा जास्त ओढतो.

यात मापांच्या गोंधळाने भर घातली. विलिस घराण्याच्या गाड्या इंचाच्या, टाटा-बेन्झ मिलिमीटरच्या. देशाने 1956 मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला, पण मिस्त्री बोल्ट सुतात मोजत राहिला. चार सूत म्हणजे अर्धा इंच. अर्ध्या इंचाचा बारीक आट्यांचा नट 12 मिलिमीटरच्या बारीक आट्यांच्या बोल्टवर सहज फिरतो, कारण दोन आट्यांतले अंतर एकात 1.27 तर दुसऱ्यात 1.25 मिलिमीटर आहे. फिरतो, बसतो, पण आट्यांची पकड निम्मीच राहते. असा नट आवळला की आटे सोलले जातात. जुन्या सुट्या भागांच्या डब्यातून नट उचलणाऱ्याला हा फरक बोटांनी कळत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, खरे कारण जादा ओझे आहे. ओझे पाट्याचे आयुष्य खाते, यात वाद नाही. पण सगळा दोष ओझ्याचा असता तर तुटण्याची जागा अशी ठरलेली राहिली नसती. ओझे हा मारा आहे, सैल जखडण ही वाट. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जोर मोजणारा टॉर्क पाना न पाहताही मिस्त्र्यांनी पिढ्यान् पिढ्या गाड्या चालवल्या. चालवल्याच, आणि त्याचे कारण त्यांच्या हातातल्या साध्या पान्यात आहे. रिंग पान्याची लांबी नटाच्या मापाबरोबर वाढते, त्यामुळे एका माणसाच्या ओढीने छोट्या नटाला कमी आणि मोठ्याला जास्त असा बऱ्यापैकी बेताचा जोर मिळतो. जुन्या मिस्त्रीकडे जोर मोजायचे साधन नव्हते असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. पाइपने ते मोडले. चारही नट तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे आवळणे, पट्ट्यांमधला रंग आणि गंज खरवडणे, पहिल्या काही भरलेल्या खेपांनंतर पुन्हा पाना लावणे, ही त्याच जुन्या हाताची कामे आहेत. रंगाचा थर दाबून बसला की ताण उतरतो, म्हणून ती शेवटची फेरी टाळता येत नाही.

एका बाबतीत मात्र जुना हातही फसतो: पाट्याच्या टोकांचे सांधे. जुन्या जीपला आट्यांचे शॅकल आणि ग्रीसचे बुश होते. पिन बुशमध्ये फिरायची, तेव्हा तिथे नट करकचून आवळणे म्हणजे कमानीचे सांधे बांधून टाकणे. नंतरच्या बऱ्याच पिकअपमध्ये रबरी बुश आले. त्यांची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. गाडी जॅकवर, चाके लोंबती, अशा अवस्थेत हा बोल्ट आवळला तर रबर त्याच स्थितीत कैद होते. गाडी खाली उतरताच ते पिळले जाते, उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते आणि वेळेआधी फाटते. म्हणून हे बोल्ट हाताने बसवून गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा हलवून बसू द्यायची आणि मगच शेवटचा ताण द्यायचा. जुन्या पिकअपखाली आडवे पडून, वर भार असताना पाना चालवायला जागा अपुरी असते, तरीही काम त्याच क्रमाने करावे लागते.