तंत्रिका तंत्राचे आकारमान व माहितीक्षमता

मानवी तंत्रिका तंत्रात (मज्जासंस्थेत) एकूण किती कोशिका आहेत, त्यांच्यात परस्परांशी किती जोडण्या आहेत आणि त्यांच्याद्वारे किती माहिती हाताळली जाते, या प्रश्नांची संख्यात्मक उत्तरे देण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होत आले आहेत. यांपैकी कोशिकांची संख्या बऱ्याच अंशी निश्चित झाली आहे. माहितीक्षमतेच्या अनुमानांत मात्र अब्जावधी पटींचा फरक आढळतो. हा फरक केवळ मापनातील त्रुटींमुळे पडलेला नसून ‘क्षमता’ या संज्ञेचा अर्थ निरनिराळ्या प्रकारे घेतला गेल्यामुळे पडला आहे.

पार्श्वभूमी : गणना करण्यापूर्वी गणनेचा एकक निश्चित होणे आवश्यक होते. कामील्लो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये चांदीच्या लवणाने कोशिका अभिरंजित करण्याची (रंगविण्याची) पद्धत शोधून काढली. ती वापरून सांत्यागो रामॉन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञांनी १८८८ पासून असे दाखवून दिले की, तंत्रिका ऊतक (समान कोशिकांचा समूह) हे अखंड जाळे नसून स्वतंत्र कोशिकांचे बनलेले आहे. गॉल्जी यांना स्वतःला हे मत मान्य नव्हते. तथापि १९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले. दोन कोशिकांमधील संपर्कस्थानास चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यास अनुबंधन म्हणतात.

कोशिकागणना : व्हिएन्ना येथील टेओडोर माइनर्ट यांच्या अनुमानानुसार प्रमस्तिष्क बाह्यकातील (मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या थरातील) तंत्रिका कोशिकांची संख्या सु. ६० कोटींच्या घरात होती. हेलन टॉमसन यांनी १८९९ मध्ये ती सु. ९·२ अब्ज, तर कोन्स्टांटीन फोन एकोनोमो व गेऑर्ग कोस्किनास यांनी १९२५ मध्ये सु. १४ अब्ज अशी दिली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेत ती पुन्हा ६·९ अब्जांपर्यंत खाली आली. या सर्व गणनांमध्ये मेंदूचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कोशिका मोजीत व त्या संख्येस घनफळाने गुणीत. या रीतीत तीन अडचणी होत्या : रासायनिक प्रक्रियेत ऊतक आकसते, एकच कोशिका लगतच्या दोन छेदांत दोनदा मोजली जाते आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांत कोशिकांची दाटी सारखी नसते. १९८४ मध्ये त्रिमितीय नमुना-गणनेची नवी पद्धत पुढे आल्यावर पहिल्या दोन अडचणींवर बरीच मात करता आली. या पद्धतीने डेन्मार्कमधील बेन्टे पाकेनबर्ग व हान्स गुंडरसन यांनी ९४ मेंदूंची तपासणी केली. त्यांनी १९९७ मध्ये बाह्यकातील सरासरी कोशिकासंख्या स्त्रियांमध्ये १९ अब्ज व पुरुषांमध्ये २३ अब्ज अशी दिली.

संपूर्ण मेंदूची संख्या मात्र अनिश्चितच राहिली. पाठ्यपुस्तकांतून १०० अब्ज हा आकडा आणि कोशिकांना आधार देणाऱ्या श्लेष्म कोशिका त्यांच्या दहापट असतात हे विधान पुष्कळ वर्षे दिले जाई. परंतु त्यांमागे समग्र मेंदूची प्रत्यक्ष गणना नव्हती. ब्राझीलमधील सुझाना एर्कुलानो-हौझेल व रोबेर्तो लेंट यांनी २००५ मध्ये एक वेगळी रीत सुचविली. तीत दाटीच्या विषमतेची अडचण मुळातच टाळली जाते. मेंदूचे ऊतक विद्रावात घोटून त्यातील कोशिकांची केंद्रके मोकळी करतात. विद्राव ढवळून एकजीव केल्यावर त्याच्या थोड्याशा नमुन्यातील केंद्रके मोजतात. तंत्रिका कोशिकांची केंद्रके विशिष्ट प्रतिपिंडाच्या साहाय्याने वेगळी ओळखतात. या रीतीने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत मेंदूत सरासरी ८६ अब्ज तंत्रिका कोशिका आणि जवळजवळ तितक्याच (८५ अब्ज) इतर कोशिका आढळल्या. तंत्रिका कोशिकांपैकी सु. ६९ अब्ज अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) व केवळ १६ अब्ज प्रमस्तिष्क बाह्यकात होत्या. दहापटीचे विधान त्यामुळे निराधार ठरले. मात्र ही गणना ५० ते ७१ वर्षे वयाच्या चार पुरुषांच्या मेंदूंवर आधारलेली असल्याने ८६ अब्ज हा आकडा सर्व मानवजातीची सरासरी म्हणून स्वीकारता येत नाही.

जोडण्यांची संख्या याहून फार मोठी आहे. केवळ बाह्यकात सु. दीड लाख अब्ज अनुबंधने असावीत, असे पाकेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांचे अनुमान आहे (२००३).

माहितीक्षमता : एडगर एड्रिअन यांनी १९२६ मध्ये एकेका तंत्रिका तंतूतील विद्युत् आवेगांची नोंद केली. उद्दीपन तीव्र झाले तरी आवेगाचा आकार वाढत नाही, त्यांची वारंवारता वाढते, असे त्यांना आढळले. आवेग ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोनच अवस्थांचा असल्यामुळे वॉरन मॅककुलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये कोशिकाजालाचे तार्किक गणित मांडले. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी अवगम सिद्धांत मांडल्यावर माहितीला बिट हे एकक मिळाले (दोन समान संभाव्यतेच्या पर्यायांतून एकाची निवड म्हणजे एक बिट).

जॉन फोन नॉयमान यांच्या १९५८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संगणक व मेंदू यांची तुलना आहे. त्यांनी १० अब्ज कोशिका व प्रत्येकीकडून दर सेकंदास १४ बिट असे गृहीत धरले. खऱ्या अर्थाने काहीच विसरले जात नाही, असेही मानले. त्यांवरून ६० वर्षांच्या (सु. २ अब्ज सेकंदांच्या) आयुष्यातील स्मृतीचे अनुमान २८० अब्ज अब्ज बिट असे निघाले.

याच सुमारास मानसशास्त्रज्ञांनी उलट बाजूने, म्हणजे माणसाच्या वर्तनावरून मोजमाप सुरू केले. पर्यायांची संख्या दुप्पट झाली की निवडीस लागणारा वेळ दर वेळी साधारण सारख्याच प्रमाणात वाढतो, असे विल्यम हिक यांना आढळले (१९५२). जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीची मर्यादा सु. ७ घटक अशी सांगितली. टॉमस लँडाउअर यांनी वाचन, चित्रे ओळखणे इ. कृतींत माणूस किती शिकतो व किती विसरतो, हे विचारात घेऊन १९८६ मध्ये आयुष्यभराच्या स्मृतीचे अनुमान सु. १ अब्ज बिट असे दिले. नॉयमान यांच्या आकड्यापेक्षा हे सु. २८० अब्ज पटींनी लहान आहे.

दोन्ही अनुमानांत गणिताची चूक नाही. पहिल्यात यंत्रणेतून जाऊ शकणारे सर्व संकेत मोजले आहेत, तर दुसऱ्यात वर्तनात उपयोगी पडणारी माहिती. ज्ञानेंद्रियांच्या बाबतीतही हीच तफावत दिसते. गिनीपिगाच्या जालपटलावरील प्रयोगांवरून मानवी डोळा मेंदूकडे दर सेकंदास सु. १ कोटी बिट पाठवीत असावा, असे २००६ मध्ये अनुमान करण्यात आले. उलट टंकलेखन, बोलणे, खेळणे अशा कृतींतून व्यक्त होणारी माहिती दर सेकंदास सु. १० बिटच असते, असे अमेरिकेतील जिएयू झेंग व मार्कुस माइस्टर यांनी २०२४ मध्ये दाखविले. मधल्या माहितीचे नेमके काय होते, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

मूल्यमापन : शरीराच्या वजनाच्या सु. २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सु. २० टक्के ऊर्जा वापरतो. या ऊर्जेचा हिशेब करून पीटर लेनी यांनी २००३ मध्ये असे दाखविले की, बाह्यकातील कोशिकांचा सरासरी वेग दर सेकंदास एका आवेगाहूनही कमी असला पाहिजे. त्यामुळे सर्व कोशिका सतत कार्यरत असतात हे नॉयमान यांचे गृहीत टिकत नाही.

जोडण्यांचा संपूर्ण नकाशा मिळाल्यानेही क्षमतेचा प्रश्न आपोआप सुटत नाही. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या ३०२ तंत्रिका कोशिकांचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यावरून त्याचे सर्व वर्तन आधी सांगता येत नाही. मानवी बाह्यकाच्या सु. १ घन मिमी. तुकड्याच्या २०२४ मधील नकाशात सु. ५७,००० कोशिका व १५ कोटी अनुबंधने आढळली. एवढ्या तुकड्याच्या प्रतिमांनीच १,४०० टेराबाइट संचयस्थान व्यापले. हा आकडा मेंदूची प्रतिमा साठविण्यास लागणाऱ्या जागेचा आहे, मेंदूत साठलेल्या माहितीचा नव्हे. संगणकाशी मेंदूची तुलना करणाऱ्या कोणत्याही आकड्याचा अर्थ लावताना तो रचनेचा आहे, संकेतवहनाचा आहे की वर्तनाचा, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.